‘बेकांटे’ला मराठीत काय म्हणायचं?

मांजरा:
लातूर-नांदेडकडून जर्मनीला शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी एक मराठी पुस्तिका लिहायलोय. एका वाक्यावर गाडी अडली आहे. जर्मनमध्ये ‘फ्रॉइंड’ (मित्र) वेगळा आणि ‘बेकांटे’ वेगळे. वर्गात शेजारी बसणारा, मेन्झात (विद्यापीठाच्या खानावळीत) सोबत जेवणारा, टिपणं देणारा, हे सगळे बराच काळ बेकांटेच असतात. मी ‘परिचित’ लिहिलं होतं. मुद्रितं तपासणाऱ्यांनी ते खोडून ‘मित्र’ केलं. म्हणे, बोलताना परिचित कोण म्हणतं? पण ‘मित्र’ छापलं तर घोळ होतो. एखाद्या मुलीनं वर्गातल्या मुलाची ओळख ‘माइन फ्रॉइंड’ अशी करून दिली, तर ऐकणारा त्याला तिचा प्रियकर समजतो. नुसता मित्र सांगायचा तर ‘आइन फ्रॉइंड फॉन मीअर’ म्हणावं लागतं. मग बेकांटेला काय म्हणू?

दुधना:
‘ओळखीचा’. एवढा सरळ शब्द असताना परिचित कशाला? आपल्याकडं पायऱ्या अगदी स्वच्छ आहेत. आधी ओळख, मग उठबस, मग घसट, शेवटी घरोबा. बेकांटे म्हणजे ओळख ते उठबस. घसट सुरू झाली की फ्रॉइंड.

सिंदफणा:
दुधनाताई, ‘घसट’ला संशयाचा वास आहे. ‘त्याची तिथं फार घसट आहे’ हे कुणी कौतुकानं म्हणत नाही. त्यापेक्षा ‘स्नेही’ घ्या. स्नेह म्हणजे तेल, ओशटपणा. आयुर्वेदातलं स्नेहन तेच. लग्नपत्रिकेतला ‘स्नेही’ हा नातेवाईकही नसतो आणि जिवलगही नसतो. नेमका बेकांटे.

मन्याड:
लग्नपत्रिकेबाहेर स्नेही ऐकू येत नाही. नांदेडचं पोरगं ‘दोस्त’ म्हणतं, आणि कालच भेटलेल्यालाही म्हणतं. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो, कचेरी उर्दूत, वरचं शिक्षण बहुतेक उर्दूत. दोस्त, यार हे फारसी शब्द इथल्या मातीत मुरलेत, त्यांना परके ठरवून स्नेही आणू नका. आणि अडचण शब्दाची कमी, सवयीची जास्त आहे. आपण आठ दिवसांत दोस्ती धरतो, तिकडं तिला वेळ लागतो. पोरानं तो वेळ म्हणजे आपल्याला झिडकारलं असं समजू नये, हे वाक्य पुस्तिकेत आधी घाला.

मांजरा:
घालतो. ‘डू’ आणि ‘झी’वरही अर्धं पान आहे. विद्यार्थी एकमेकांना पहिल्या दिवसापासून ‘डू’ (तू) म्हणतात. प्राध्यापक, कचेरी, घरमालक यांना ‘झी’ (तुम्ही). आपली मुलं वयानं मोठ्या विद्यार्थ्यालाही आदरापोटी झी म्हणतात, आणि समोरच्याला तो दुरावा वाटतो. पण एक विचारायचं राहिलं. भाषेच्या ‘टँडेम’ला काय लिहू? मी ‘भाषाविनिमय’ लिहिलंय.

सिंदफणा:
विनिमय चांगला आहे. अर्थ लगेच कळतो.

मन्याड:
विनिमय परकीय चलनाचा. टँडेमला आपल्याकडं तयार शब्द आहे: सावड. आज मी तुझ्या रानात, उद्या तू माझ्या रानात, दिवसाला दिवस. टँडेम हेच करतं. दोघंजण, आठवड्यातून एकदा, एक तास. अर्धा तास जर्मन, अर्धा तास तुमची भाषा. विद्यापीठाच्या भाषा केंद्रात नाव नोंदवलं की जोडीदार लावून देतात. हिशेब सुटला की टँडेम मोडतं, आणि ते मोडतं कुठं तेही ठरलेलं आहे. समोरच्याचं इंग्रजी चांगलं असतं, आपलं जर्मन ए-दोनच्या (भाषेच्या सहा पायऱ्यांपैकी दुसरी; पहिली ए-एक) आत असतं, पाचव्या मिनिटाला बोलणं अडतं आणि दोघंही इंग्रजीवर घसरतात. म्हणून मोबाईलवर तीस मिनिटांचा गजर लावायचा आणि तो वाजेपर्यंत भाषा बदलायची नाही. एक विषय आधी ठरवायचा (बाजार, घरभाडं, शेत), त्याचे दहा शब्द लिहून न्यायचे. ए-एकवर असाल तर नकाशा नाहीतर घरचे फोटो पुढ्यात ठेवायचे, कारण नुसत्या गप्पा तेवढ्या भाषेत चालत नाहीत. चुका मधेच दुरुस्त करायच्या नाहीत. समोरच्यानं टिपून ठेवायच्या आणि शेवटी तीन-चारच सांगायच्या. प्रत्येक वाक्याला टोकलं की माणूस बोलायचंच थांबतो.

सिंदफणा:
पद्धत पटली, शब्द नाही. ‘सावडणे’ म्हटलं की राख सावडणं आठवतं. परदेशी निघालेल्या लेकराच्या हातात देण्याच्या पुस्तिकेत तो शब्द नको.

दुधना:
राख सावडणं वेगळं, सावड वेगळी. पेरणीच्या दिवसात ‘आमची सावड आहे’ म्हटलं की कुणाला स्मशान आठवत नाही. माझा आक्षेप दुसरा आहे. सावडीत दोघांकडं रान असतं. मराठी शिकायला उत्सुक जर्मन मिळणं कठीण. भारतविद्येचा विभाग असेल तिथं, हायडेलबर्ग किंवा ट्युबिंगेनसारख्या गावात, हिंदीला गिऱ्हाईक मिळू शकतं. बाकी ठिकाणी आपल्या पोराला बदल्यात इंग्रजीच द्यावी लागते. पुस्तिकेत हे स्पष्ट लिहा, नाहीतर ‘मराठी शिकवीन’ अशी नोंद करून पोरगं वाट बघत बसेल.

मन्याड:
मान्य. बदल्यात इंग्रजी, म्हणजे सावडीत बैलाऐवजी मजूर द्यायचा. सावडच ती.

सिंदफणा:
मग ‘इर्जिक’ का नको?

मन्याड:
इर्जिकीत हिशेब नसतो. गावानं एका दिवसात रान उरकून द्यायचं आणि मालकानं जेवण घालायचं. इर्जिक म्हणायचीच तर वेगेला म्हणा, चार-पाच जणांच्या सामायिक घराला. तिथं सामायिक स्वयंपाकघर हीच ओळखीची पहिली जागा. पिठलं-भाकरी जरा जास्त करून टेबलावर ठेवली की भाषा कमी असली तरी चालतं. पण सफाईची पाळी चुकवली, किंवा रात्री दहानंतर मिक्सर लावला, की ती ओळख लगेच आटते.

दुधना:
आणि खेळ. विद्यापीठाच्या खेळवर्गांना भाषा कमीत कमी लागते. व्हॉलीबॉलला ‘लोस’ (चला), ‘आउस’ (बाहेर), ‘नोखमाल’ (पुन्हा) एवढ्यावर पहिला महिना निघतो. सत्राच्या सुरुवातीला नोंदणी उघडते आणि चांगले वर्ग काही मिनिटांत भरतात, म्हणून तारीख आधी बघून ठेवायची. दर आठवड्याला तीच माणसं भेटतात, त्यामुळं ओळखीची उठबस होते. एकदाच्या पार्टीत तसं होत नाही.

मांजरा:
‘वीअर झेएन उन्स’वरही एक ओळ टाकली आहे. शब्दशः ‘आपण भेटू’, पण तो निरोप आहे, आमंत्रण नव्हे. खरंच भेटायचं तर वार, वेळ, जागा तिथंच ठरवायची, आणि जमत नसेल तर आदल्या दिवशी कळवायचं. आपलं ‘बघू, येतो’ तिथं ‘नाही’ म्हणूनच धरलं जातं.

सिंदफणा:
ही ओळ ठळक छापा. सावडीवर मात्र मी ठाम आहे. बैलांच्या देवघेवीला ‘वारंगुळा’ आहे की, त्यात राख नाही.

मन्याड:
वारंगुळा आज पंचविशीच्या आतल्या किती पोरांना कळेल?

सिंदफणा:
मग सावड तरी किती जणांना कळते? ट्रॅक्टर आल्यापासून दोन्ही मागं पडलेत.

दुधना:
कळत नसेल तर कंसात अर्थ द्या, जसा मेन्झाचा दिला. पोरांना ‘साटंलोटं’ कळतं, पण ते वर्तमानपत्रांनी संगनमताच्या अर्थानं नासवलं.

मांजरा:
टँडेमपुढं कंसात ‘सावड’ टाकतो. बेकांटेचं काय करू? ओळखीचा, स्नेही की दोस्त? शुक्रवारी पानं छापायला जातात.

मन्याड:
वारंगुळा बैलांपुरता आहे का माणसांनाही चालतो, ते परभणीकडच्या कुणीतरी आधी सांगा.