मदत हवी आहे : रिपोर्टमध्ये ‘हॉवेल-जॉली बॉडीज’, घाबरायचं का?

मंडळी, धाकट्या भावाचा रिपोर्ट आला आणि डोकं चालेनासं झालंय. वय ३४, नोकरी बदलली म्हणून तपासणी केली. हिमोग्लोबिन १३.८, एमसीव्ही (तांबड्या पेशींचं सरासरी आकारमान) ८८, प्लेटलेट्स ४ लाख ७० हजार. खाली शेरा : ‘तांबड्या पेशींत हॉवेल-जॉली बॉडीज आढळल्या.’ गूगलवर कुठे सिकलसेल, कुठे बी-१२ची कमतरता. ‘रक्तात काहीतरी सापडलंय’ एवढंच ऐकून आईने देव पाण्यात ठेवलेत. आमचे डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत.

हो, एक राहिलं. २०१३ साली तो बाइकवरून पडला, पोटात रक्तस्राव झाला म्हणून पाणथरी (स्प्लीन) काढली होती. त्याचा संबंध असेल का?

प्रतिसाद :
ताई, ‘एक राहिलं’ म्हणून जे शेवटी लिहिलंत, तिथेच उत्तर आहे. मी लॅबमध्ये रोज स्लाइड बघतो.

तांबडी पेशी हाडातल्या मज्जेत तयार होताना आपलं केंद्रक बाहेर टाकते. कधी त्यातला डीएनएचा कण आत राहून जातो. पाणथरीतून जाताना तो काढला जातो. पाणथरीच नसली तर पेशी तो घेऊन फिरते. स्लाइडवर बहुधा एकच ठिपका दिसतो, गोल, गडद जांभळा, टाचणीच्या डोक्यासारखा, बरेचदा पेशीच्या कडेला. पाणथरी काढल्यावर तो दिसणारच. उलट, पाणथरी काढलेली नसताना दिसला असता तर मीच म्हटलं असतं, शोध घ्या. प्लेटलेट्स जराशा जास्त असणंही त्यातलंच.

सिकलसेलमध्ये पाणथरी हळूहळू सुकते, म्हणून तिथेही हे ठिपके सापडतात. बी-१२ कमी असतं तर एमसीव्ही सहसा १००च्या पुढे जातो. इथे ८८ आहे.

आणि पेशीतला प्रत्येक ठिपका हाच नसतो. पेशीभर निळसर भुरभुर असेल तर शिशाची विषबाधा किंवा थॅलेसेमिया डोक्यात येतो. पॅपेनहायमर बॉडीज लोहाच्या, पुंजक्याने असतात. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमच्या कमतरतेतल्या हाइन्झ बॉडीज तर नेहमीच्या लीशमन स्टेनला दिसतच नाहीत, त्यांना वेगळा रंग लागतो.

तेव्हा ठिपका सोडा. पाणथरी नसली की काही जंतूंचा संसर्ग झपाट्याने वाढू शकतो, म्हणून त्यांच्या लशी झाल्यात का ते विचारा : न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस, हिब, शिवाय दरवर्षी फ्लूची. पाणथरी नसलेल्याला थंडी वाजून ताप आला तर क्रोसिन घेऊन सकाळची वाट बघायची नाही. थेट कॅज्युअल्टीत जायचं आणि आधी ‘पाणथरी काढलेली आहे’ हे सांगायचं. कुत्रा चावला तरी तेच, जखम छोटी असली तरी.

धागाकर्ती :
दादा, आत्ताच फोन केला. एकही लस नाही! डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांखेरीज काही लिहिलेलं नाही, आम्हीही कधी विचारलं नाही. दिवाळीत १०२ ताप दोन दिवस अंगावर काढला होता त्याने. आईला देव बाहेर काढायला सांगितलंय, पण सोमवारी मी स्वतः भावाबरोबर जातेय. सगळ्या लशी एकाच दिवशी देतात का?