सीएफआय चेकराइड (फ्लाइट इन्स्ट्रक्टर व्हायची परीक्षा): ढग खाली, एक्झामिनर म्हणे ‘तू ठरव’. मी नको म्हटलं, आता पुढे काय?

अमळनेरचा_उडता

रामराम मंडळी. मूळचा अमळनेरचा, सध्या टेक्ससमध्ये फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग करतोय. चुलतबहिणीच्या लग्नाला घरी आलोय, पण हळदीतसुद्धा डोक्यात हेच चाललंय.

ओरल (तोंडी परीक्षा) सकाळी सुरू झाली ती जेवायच्या वेळेपर्यंत. शिकवण्याची तत्त्वं, एंडोर्समेंट्स (इन्स्ट्रक्टर विद्यार्थ्याच्या लॉगबुकात देतो त्या मंजुरीच्या सह्या), फळ्यावर स्पिनचा (विमान गरगरत खाली येण्याचा) धडा, बठ्ठं पास. मग उडायची वेळ. सीलिंग (ढगांच्या तळाची उंची) 2300 फूट ओव्हरकास्ट, म्हणजे आभाळ पूर्ण झाकलेलं, दृश्यमानता 7 मैल, वारा किरकोळ. एक्झामिनर खुर्चीत रेलून म्हणाले, “व्हीएफआर आहे. पायलट तू, तू ठरव.” (व्हीएफआर म्हणजे नजरेने बाहेर बघून उडण्याजोगी हवा.) मी फोरकास्ट दाखवला, संध्याकाळपर्यंत ढग वर जायचं लक्षण नव्हतं. म्हटलं, नको. तर म्हणे, “सकाळी एक जण याच ढगाखाली उडून आला. इन्स्ट्रक्टर व्हायचंय ना तुला?” मी परत नको म्हटलं. मग त्यांनी घड्याळ बघितलं, लेटर ऑफ डिस्कंटिन्युअन्सवर (परीक्षा थांबवल्याच्या पत्रावर) सही केली आणि दारात उभे राहून सांगितलं, पुढच्या खेपेला फी पूर्ण पडेल.

आता प्रश्न. हे लेटर म्हणजे नापास का? बापूंना तसंच वाटतंय, आणि लग्नघरात त्यांनी ते चार जणांना सांगूनही टाकलंय. ओरल परत द्यावी लागेल का? त्यांच्याकडेच जाऊ की दुसरा एक्झामिनर बघू? आणि त्यांचं ते बोलणं नियमात बसतं का?

तापीकाठचा_मास्तर

बापूंना आधी हे वाचून दाखव. नापास झाल्यावर मिळतो तो कागद वेगळा, त्याला नोटीस ऑफ डिसअप्रूव्हल म्हणतात. त्यात पुन्हा ट्रेनिंग घ्यावं लागतं आणि इन्स्ट्रक्टरचं नवीन एंडोर्समेंट लागतं. तुझ्या हातातल्या कागदाचा अर्थ एवढाच की परीक्षा मध्येच थांबली. अमेरिकन नियमावलीत 61.43 बघ. जेवढं पास झालंय तेवढं जमा राहतं, अट एकच: थांबल्याच्या तारखेपासून 60 दिवसांत उरलेलं पास करायचं आणि मूळ लेटर समोर ठेवायचं. 60 उलटले की ओरलसकट पहिल्यापासून. तेव्हा लग्न झालं की मांडव परतणीला थांबू नको.

आता ढगांचं. मी तिकडे काही वर्षं शिकवलं, आता इकडे खानदेशात शिकवतो, आणि दोन्हीकडच्या पोरांची गाडी इथेच अडकते. ‘व्हीएफआर आहे’ आणि ‘टेस्ट होऊ शकते’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. तुझाच आकडा घे. क्लास ई (हवाई क्षेत्राचा एक प्रकार) मध्ये 10,000 फुटांखाली ढगापासून 500 फूट खाली राहायचं. 2300 मधून 500 गेले, उरले 1800. स्टॉलची (पंखांची उचल तुटली की त्यातून सावरण्याची) रिकव्हरी जमिनीपासून 1500 फुटांच्या वरच पूर्ण व्हायला हवी. म्हणजे हातात 300 फूट. त्यात तू उजव्या सीटवर, तोंडाने धडा चालू, आणि डावीकडे एक्झामिनर मुद्दाम ठोंब्या विद्यार्थी बनून बसलेला. बरं, मेटारमधली (विमानतळाच्या हवामान अहवालातली) ढगांची उंची विमानतळाच्या जमिनीपासून मोजलेली असते. प्रॅक्टिस एरियातली जमीन शे-दीडशे फूट उंच निघाली की 300 चे दीडशे झाले.

पुढे ऐक. शांडेल किंवा लेझी एट या कसरतींतलं एक तरी करावंच लागतं, आणि तेही 1500 च्या वरच. शांडेल म्हणजे वळता वळता जमेल तितकं वर चढणं. 1500 ला सुरू केलंस तरी नाक वर गेलं की ढगाचं अंतर मोडलंच. स्टीप स्पायरल (गोल फिरत खाली उतरणं) मागितला असता तर तीन पूर्ण फेऱ्या, म्हणजे साडेतीन-चार हजारांवरून सुरुवात. त्या ढगाखाली ही टेस्ट पुरी होतच नव्हती भो. सकाळवाल्याच्या वेळी ढग किती होते, तो कुठली टेस्ट देत होता, देव जाणे.

एकच सांगतो. पुढच्या वेळी नुसतं ‘नको’ म्हणू नकोस. हाच हिशेब त्यांच्या फळ्यावर मांड. पापड वाळत घालायचे की नाही ते आपल्या बाया आभाळाकडे बघून ठरवतात. इन्स्ट्रक्टरने आकडा बोलायचा असतो, कारण उद्या तोच विद्यार्थ्याला शिकवायचा आहे.

पांझराकाठी

मास्तरांना मान देऊन थोडं उलट बोलतो. एक्झामिनरने डिवचलं, यात मला गैर दिसत नाही. हवामानाचा निर्णय हा परीक्षेचाच भाग आहे, आणि या परीक्षेत तर ते विद्यार्थ्याचं सोंगही घेतात. खरा विद्यार्थी असंच बोलणार ना? “सर, त्याचं तर काल झालं, माझंच का नाही?” असं म्हणणाऱ्याला तू काय उत्तर देतोस, तेच बघत असतील. दुसरं म्हणजे सगळं नाकारायची गरज काय होती? टेकऑफ-लँडिंग होऊ शकत होतं. एट्स ऑन पायलॉन्स (जमिनीवरच्या दोन खुणांभोवती आठचा आकडा काढणं) तर खालीच असतात: ग्राउंडस्पीड 100 नॉट असेल तर वर्ग करून 11.3 ने भाग, उडायची उंची 885 फूट. एवढं उरकून घेतलं असतं, बाकीचं लेटरवर.

तापीकाठचा_मास्तर

पायलॉन्सचं बरोबर, तो पर्याय होता. पण विमानाचं भाडं दोनदा पडलं असतं. पोराच्या खिशाकडे बघ.

सोंगाचं मात्र पटत नाही. कोण कधी कोणाची भूमिका करणार, इमर्जन्सीत कंट्रोल कोण घेणार, हे टेस्टच्या आधीच्या ब्रीफिंगमध्ये बोलून घ्यायचं असतं. लक्ष विचलित करणं त्यांचं कामच आहे: पेन्सिल पाडतील, ऐन फायनलवर (उतरायच्या शेवटच्या टप्प्यात) घरची विचारपूस करतील, करू दे. पण ‘इन्स्ट्रक्टर व्हायचंय ना’ म्हणणं आणि लगेच फीचा विषय काढणं, ही कुठल्या विद्यार्थ्याची भूमिका? फी ते स्वतः ठरवतात, सरकार ठरवत नाही, त्यामुळे घेतली तर बेकायदा नाही. बोलायची ती वेळ नव्हती, एवढंच. आणि 61.47 प्रमाणे आधी तसं ठरलेलं नसेल तर टेस्टमध्ये एक्झामिनर पायलट-इन-कमांड (विमानाला जबाबदार पायलट) नसतो, तू असतोस. विमान कुठे घासलं असतं तर प्रश्न आधी तुला विचारले असते. तुझ्या नकाराला कोणी डाग म्हणत असेल तर त्याला हा नियम दाखव.

केळीवाली_ताई

मी जळगावकडची, इथेच शिकतेय. दादा, ढगाचं तरी सगळ्यांना दिसतं, उन्हाचं कोणाला पटतच नाही. मे महिन्यात पारा 44 वर. आपला विमानतळ समुद्रसपाटीपासून साडेआठशे फुटांच्या आत, पण दुपारी डेन्सिटी अल्टिट्यूड (उन्हाने हवा विरळ झाली की विमानाला जाणवते ती उंची) साडेचार हजारांच्या घरात जातं. मागच्या उन्हाळ्यात आमच्यातल्या एकीची टेस्ट दुपारी दोनला लागली. बाहेरून आलेले एक्झामिनर, त्यांना संध्याकाळची गाडी पकडायची. तिने परफॉर्मन्स चार्ट समोर ठेवला, टाक्या भरलेल्या आणि दोघं जाडजूड (एक्झामिनरसाहेबांचं वजन तिने अदबीने विचारलं!), चढाईचा आकडा बोटाने दाखवला आणि म्हणाली, उद्या सकाळी सहाला उडू. त्यांनी दोन मिनिटं चार्ट बघितला, स्वतःचं बोट त्या रेघेवरून फिरवलं, आणि फोन काढून तिकीट बदललं. सगळे नसतात असे. पण कागद समोर असला की माणूस जरा वेगळं बोलतो, हे मी तेव्हा पाहिलं.

एक शंका. दुसऱ्या एक्झामिनरकडे ते लेटर चालतं का?

तापीकाठचा_मास्तर

चालतं. फक्त जमा झालेल्या भागातलंही काही परत विचारायचा हक्क नव्या माणसाला असतो, तेव्हा तयारी ताजी ठेवावी. उडत्या, मी तुझ्या जागी असतो तर त्याच एक्झामिनरकडे गेलो असतो. ओरल त्यांनीच घेतलीय, ते परत उकरणार नाहीत. नंतर तक्रार करायचीच असेल तर त्या भागाच्या फ्लाइट स्टँडर्ड्स डिस्ट्रिक्ट ऑफिसला लिही. या एक्झामिनरांवर देखरेख त्यांचीच असते. पण ‘तारीख, वेळ, मेटार, हे शब्द बोलले’ एवढंच लिही, रागाचं लिहू नको.

अमळनेरचा_उडता

मास्तर, बापूंना वाचून दाखवलं. “मग नापास नाही म्हण की,” म्हणाले आणि मंडपवाल्याला फोन करायला उठले. ज्यांना सांगून टाकलंय त्यांचं आता मलाच निस्तरावं लागणार. तिकीट चार दिवस अलीकडे घेतोय. त्यांच्याकडेच जातो. अर्ज मात्र नवीन भरावा लागेल ना?

तापीकाठचा_मास्तर

हो, आयएक्राच्या (अर्ज भरायच्या सरकारी) पोर्टलवर नवा भर. आणि 61.39 मधली तयारीची अट विसरू नको: अर्जाच्या महिन्याआधीच्या दोन कॅलेंडर महिन्यांतलं ट्रेनिंग लॉगबुकात दिसायला हवं. सुट्टीत महिना पालटला असेल तर आत्ताच लॉगबुक उघडून तारखा बघ. कमी पडत असेल तर गेल्या गेल्या इन्स्ट्रक्टरबरोबर एक-दोन उड्डाणं कर आणि सही घे.