कृपादान मिळालं म्हणून खुर्च्या लावायचं सोडायचं का?

पहाटदव: सगळ्यांना प्रभूत सलाम. चार वर्षं झाली, मी मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, उपासनेआधी खुर्च्या लावते आणि प्रभूभोजनात भाकर-द्राक्षरस घेऊन झाल्यावर ते इवलेसे पेले धुते, तळाशी द्राक्षरस वाळून चिकटलेला असतो तो बोटानेच काढावा लागतो, आणि खरं सांगते माझी सगळ्यात मनापासून प्रार्थना तेव्हाच होते. आता काही महिन्यांपासून आजारी लोकांसाठी प्रार्थना केली की त्यांना धीर येतो, एकदोघांना बरंही वाटलं. पाळक म्हणाले तुला कृपादान आहे, पवित्र आत्म्याने दिलेली खास देणगी, प्रार्थनेच्या टीममध्ये ये, पुढे उभी राहा. एक ताई म्हणाल्या आता खुर्च्या-बिर्च्या सोड, ते कोणीही करेल. ते फार लागलं मला. नाही म्हणावं तर आत्म्याला विझवतेय असं वाटतं, जावं तर मनात गर्व शिरेल ही भीती. काय करू?

जुनावाचक: ताई, बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये पुस्तकाचा ६ वा अध्याय सावकाश वाचा. रोजच्या वाटपात काही विधवांची हेळसांड होत होती म्हणून पंगतीचं बघायला सात जण निवडले, आणि अट काय तर आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेले हवेत. वाढायच्या कामाला ही अट! त्यातलाच स्तेफन पुढे अद्भुतं करतो, फिलिप्प शोमरोन प्रांतात ख्रिस्ताची घोषणा करतो. मूळ ग्रीकमध्ये त्या वाटपाला आणि वचनाच्या सेवेला शब्दही एकच आहे, दियाकोनिया. १ करिंथ १२:२८ मध्येसुद्धा रोग बरे करण्याच्या दानाला लागूनच मदत करणाऱ्यांचा उल्लेख येतो. तेव्हा "कोणीही करेल" हे मला अजिबात पटत नाही.

ओंजळ: बरोबर आहे, पण म्हणून पुढे जायचंच नाही असं करू नका. १ पेत्र ४:१० मध्ये आपल्याला कारभारी म्हटलंय, म्हणजे दान तुमच्या मालकीचं नाहीच, ते त्या आजारी माणसासाठी दिलंय, लपवलं तर नुकसान त्याचं. योहान १३ बघा ना, सगळं आपल्या हाती दिलंय हे माहीत असतानाच येशू कमरेला रुमाल बांधतो, आणि पाय धुऊन झाल्यावर स्पष्ट सांगतो की मला गुरू आणि प्रभू म्हणता ते ठीकच आहे, कारण मी तसा आहे. नम्रतेसाठी त्याने आपण कोण आहोत ते नाकारलं नाही. मला हे कळायला बरीच वर्षं लागली.

वाटसरू७: माझं चुकलेलं सांगतो. एका आजोबांना जिना चढताना हात लागायचा, तो मी द्यायचो. मग गाण्याच्या टीममध्ये घेतलं, साऊंडचेकसाठी लवकर जायला लागलो आणि जिन्याकडे लक्षच राहिलं नाही. सहा महिन्यांनी कळलं आजोबा यायचे थांबलेत, आणि मला ते जाणवलंसुद्धा नव्हतं, अजून वाईट वाटतं. करिंथच्या मंडळीत एकाही कृपादानाची कमी नव्हती असं प्रेषित पौल त्यांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात लिहितो, आणि त्याच मंडळीत प्रभूभोजनाला एक उपाशी अन् दुसरा पिऊन धुंद झालेला. ताई तुम्ही टीममध्ये जा पण पेले सोडू नका.

पहाटदव: रडू आलं वाचून, आजोबांचं विशेष. पाळकांना हो सांगते, पण उपासना संपल्यावर मी पेल्यांपाशीच असेन, कोणाला प्रार्थना हवी असेल तर तिथे येऊ दे, हात पुसून करेन. आणि त्या ताईंना या रविवारी माझ्यासोबत धुवायला बोलावणार आहे, रागाने नाही, खरंच सोबत हवीय म्हणून.