राष्ट्रीय दिनाच्या कार्यक्रमात प्रश्न विचारू द्यावेत का?

अर्धवट_वही:
मंडळी, जरा सल्ला हवाय. रहिवाशांच्या मंडळाने यंदा राष्ट्रीय दिनाचा कार्यक्रम माझ्या गळ्यात मारलाय. साचा नेहमीचाच, झेंडा, राष्ट्रगीत, पाहुण्यांचं भाषण, मुलांची दोन भाषणं (जी आईबाबांनी लिहिलेली असतात हे सगळ्यांना माहीत असतं), आभार आणि पांगापांग, चाळीस मिनिटांत खेळ खल्लास. खरं सांगायचं तर मलाही त्यात कधी काही खटकलं नव्हतं.

पण गेल्या वर्षी पाहुणे लोकशाही, जनतेचं राज्य, मताची ताकद वगैरे बोलून खाली बसले आणि तिसऱ्या रांगेतल्या एका काकूंनी हात वर केला. त्यांनी विचारलं की आपण निवडून दिलेला माणूस वर्षभरात एकदाही भेटला नाही तर त्याला जाब कुठे विचारायचा? साधा प्रश्न, आवाजसुद्धा चढलेला नव्हता. सूत्रसंचालक हसत हसत म्हणाला, काकू आज नको, आज आनंदाचा दिवस आहे. लोक हसले. काकूंनी हात खाली घेतला आणि मांडीवरची पर्स उगाचच नीट करत बसल्या.

तो सूत्रसंचालक मीच.

तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय. यंदा कार्यक्रमात प्रश्नांना वेळ ठेवावा असं मनात आहे, पण कमिटीतले दोघं आत्ताच म्हणतायत की भांडायला वर्षाचे ३६४ दिवस पडलेत, एक दिवस तरी सोडा. त्यांचंही अगदीच चूक वाटत नाही. बाकीच्या देशांत काय करतात? कुणाला काही माहीत असेल तर सांगा.

सुट्टीप्रेमी:
मी कमिटीच्या बाजूने. वर्षात मोजक्या सुट्ट्या, त्या पण आत्मचिंतनात घालवायच्या? लोक झेंड्यासाठी येतात, दोन ओळखीचे चेहरे भेटतात, बरं वाटतं. प्रश्नोत्तरं ठेवलीत की पुढच्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या, लिहून घ्या. (काडी टाकून पळतो.)

फिरस्ता_७:
पळू नका, थांबा. मी काही वर्षं डेन्मार्कमध्ये होतो. तिकडे ५ जून हा संविधान दिन, आणि त्या दिवशी जागोजागी बागांमध्ये, मैदानांत राजकारण्यांची भाषणं होतात. लोक चादरी टाकून गवतावर बसलेले, पोरं मध्येच पळतायत, समोर छोटासा मंच. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा मला वाटलं देशप्रेमाचं काहीतरी ऐकायला मिळेल, तर बाई चक्क निर्वासितांच्या कायद्यावर बोलत होत्या, म्हणजे त्या वेळचा सगळ्यात तापलेला विषय. माझ्या शेजारचा म्हातारा प्रत्येक वाक्याला मान हलवत होता, नाही नाही अशी, पण उठून गेला नाही, शेवटपर्यंत बसला आणि टाळ्याही वाजवल्या.

मजा तारखेत आहे. १८४९ साली ५ जूनला पहिली घटना आली, तिने मत दिलं ते तिशीच्या पुढच्या, स्वतःचं घर चालवणाऱ्या पुरुषांना. बायका नाहीत, दुसऱ्याच्या घरी राबणारे नोकर नाहीत, सरकारी मदतीवर जगणारे गरीब नाहीत. बायकांना आणि नोकरांना मत मिळालं ते १९१५ च्या घटनादुरुस्तीने, तीही मुद्दाम ५ जूनलाच. आणि आत्ताची घटना १९५३ ची, पुन्हा ५ जून! म्हणजे या दोन्ही मोठ्या दुरुस्त्या वाढदिवसालाच. वाढदिवसाला नुसतं ओवाळायचं नसतं, उंचीपण मोजायची असते असं काहीतरी.

निवांत_वाचक:
फिरस्ता, मस्त. @सुट्टीप्रेमी, आनंद की प्रश्न असं एकच निवडायला कुणी सांगितलं? नॉर्वेचा १७ मे बघा. शाळेतल्या मुलांची मिरवणूक हाच त्या दिवसाचा जीव. पण हा दिवसच मुळात भांडून मिळवलेला आहे, १८१४ ला देशाची राज्यघटना तयार झाली, नंतर स्वीडनशी जोडलेल्या त्या राज्यात राजा कार्ल योहानला हा दिवस साजरा झालेला खपत नव्हता आणि १८२९ ला राजधानीच्या चौकात जमलेल्या लोकांवर घोडदळ घातलं गेलं. तिथे हजर असलेल्यांत हेन्रिक वेर्गेलान नावाचा तरुण कवी होता.

आता मुद्द्याची गोष्ट. ज्या घटनेचा एवढा अभिमान, तिच्याच दुसऱ्या कलमात ज्यूंना देशात यायला बंदी होती. वेर्गेलानने ते कलम काढावं म्हणून उरलेलं आयुष्य घालवलं, १८४५ ला तो गेला आणि बंदी उठली १८५१ ला, म्हणजे त्याला बघायला मिळालंच नाही. आजही १७ मेला तिथला ज्यू समाज त्याच्या थडग्यावर फुलं वाहतो. त्याच दिवशी, त्याच शहरात, एकीकडे पोरांचा झेंडे घेऊन कल्ला आणि दुसरीकडे या घटनेत कधीकाळी काय चुकलं होतं त्याची शांत आठवण. कुणाचा आनंद कमी होत नाही.

अवांतर: १८७० ला निघालेली ती मुलांची मिरवणूक खरोखर मुलांचीच होती, मुली सामील झाल्या १८८९ ला. एकोणीस वर्षं मुली बहुतेक कडेला उभ्या राहून बघत असतील.

मीठ_चवीपुरतं:
मला नेहमी वाटतं राष्ट्रीय दिवस कशाचे असतात ते आधी बघावं. बहुतेक लढाई, उठाव, किल्ला पडला, राजा पळाला. सरळ मतदानाच्या दिवसाचा सण करणारे कमी. दक्षिण आफ्रिकेचा २७ एप्रिल (१९९४, सगळ्यांनी मिळून केलेलं पहिलं मतदान) आणि इटलीचा २ जून (१९४६). इटलीत त्या दिवशी लोकांनी ठरवलं की राजा हवा की प्रजासत्ताक, आणि देशपातळीवर बायकांचंही ते पहिलंच मतदान. मतपत्रिका जिभेने ओली करून चिकटवायची असायची म्हणून लिपस्टिक पुसून या, डाग पडला तर मत बाद होईल, असा सल्ला बायकांना दिला गेला होता. मला हे चित्र फार आवडतं, रांगेत उभं राहून ओठ पुसणाऱ्या बायका.

निकाल काय होता? प्रजासत्ताकाला साधारण ५४ टक्के. म्हणजे १ कोटी २७ लाख एका बाजूला आणि १ कोटी ७ लाख राजाच्या बाजूला! आता त्या एक कोटी लोकांचा २ जून कुणाचा? दर वर्षी सगळा देश साजरा करतो तो दिवस त्यांच्या हरण्याचा. पण तेही त्याच देशाचे नागरिक, दुसऱ्या दिवशी त्यांनाही कामावर जायचं होतं. मला वाटतं अशा दिवशी विचार करायचाच तर याचा करावा, की हरलेल्याला हा दिवस आपला वाटतो का. आणि गंमत म्हणजे रोममध्ये त्या दिवसाचा मोठा सोहळा कसला, तर लष्करी संचलनाचा. मतपेटीचा वाढदिवस आणि रस्त्यावर सैन्य 😀

पोर्तुगालचं मात्र मला आवडतं. २५ एप्रिलला (१९७४ ला हुकूमशाही पडली, बरोबर एका वर्षाने त्याच तारखेला पहिली मोकळी निवडणूक, त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा त्याच तारखेला नवी घटना लागू) संसदेत खास बैठक भरते आणि प्रत्येक पक्षाला बोलायला मिळतं. प्रत्येक म्हणजे प्रत्येक, ज्यांना ती क्रांती फारशी रुचत नाही त्यांनाही. समोरचे नाकं मुरडत ऐकतात, पण माईक बंद करत नाहीत.

अर्धवट_वही:
"माईक बंद करत नाहीत" हे वाचून पोटात गोळा आला 🙏 चालू द्या.

जुना_सभासद:
बाहेरचं कशाला, आपल्याकडचंच बघा ना. घटना स्वीकारली २६ नोव्हेंबर १९४९ ला. आदल्या दिवशी बाबासाहेबांनी घटना समितीत शेवटचं मोठं भाषण केलं. घरात कार्य असताना आदल्या दिवशी घरातला मोठा माणूस काय बोलेल? तोंडभरून आशीर्वाद देईल. यांनी चक्क तारीख घेऊन सांगितलं की २६ जानेवारी १९५० ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल ठेवतोय, राजकारणात समता आणि समाजात, पैशात विषमता, आणि ही विसंगती लवकर मिटवली नाही तर ज्यांना ती सोसावी लागतेय ते हा डोलारा उडवून लावतील. माणूस कितीही थोर असला तरी आपलं स्वातंत्र्य त्याच्या पायाशी वाहू नका हेही तिथलंच. कमिटीच्या भाषेत सांगायचं तर त्यांनीही आनंदाच्या दिवशी नको तो विषय काढला होता.

अजून एक. घटनेचा बराच भाग २६ जानेवारीपर्यंत थांबला, १९३० च्या पूर्ण स्वराज्य दिनाची आठवण म्हणून ती तारीख. पण नागरिकत्वाची कलमं आणि निवडणूक आयोगाचं ३२४ वं कलम थांबलं नाही, ते २६ नोव्हेंबरलाच लागू झालं. आयोग स्थापन झाला २५ जानेवारी १९५० ला. झेंड्याच्या आदल्या दिवशी मतदाराची सोय. याचा उल्लेख मी तरी कुठल्या भाषणात ऐकला नाही.

मात्र एक सांगतो, प्रश्न आणि तक्रार यात फरक ठेवा. नाहीतर कार्यक्रमाचा तक्रार निवारण कक्ष होईल, पाणी, गटार, पार्किंग.

निवांत_वाचक:
पहिल्या भागाशी सहमत, शेवटच्याशी नाही. फरक कोण ठरवणार? काकूंचा प्रश्न तुम्ही कशात टाकाल? निवडून दिलेल्याला जाब कुठे विचारायचा यापेक्षा लोकशाहीचा प्रश्न दुसरा कुठला? पण ऐकताना तक्रारच वाटते. ज्याला गटाराचा त्रास आहे त्याचा लोकशाहीशी संबंध तिथूनच सुरू होतो.

जुना_सभासद:
हम्म. बरोबर आहे. पण वेळ तरी ठरवून ठेवा.

सुट्टीप्रेमी:
परत आलो. काकूंची पर्स डोक्यातून जात नाहीये राव. ठीक आहे, वीस मिनिटं द्या. पण अनुभवाचे बोल, माईक लोकांच्या हातात देऊ नका, तो परत येत नाही. प्रश्न चिठ्ठीवर लिहून घ्या.

मीठ_चवीपुरतं:
चिठ्ठ्या घेतल्या की कमिटी आतल्या आत निवडणार आणि सोयीच्या तेवढ्या वाचणार. माईक स्टँडवर लावा आणि स्टँड खुर्च्यांच्या मध्ये ठेवा, ज्याला बोलायचंय तो उठून तिथे येईल. प्रत्येकाला एक मिनिट. आणि ज्याला जाब विचारायचा त्या माणसालाही बोलवा हो, नाहीतर उत्तर कोण देणार, तुम्ही? आला नाही तर त्याच्या नावाची खुर्ची रिकामी राहू दे. भाषण नको की काही नको.

फिरस्ता_७:
रिकामी खुर्ची!! वाचनखूण साठवली.

अर्धवट_वही:
सगळ्यांचे आभार, काल कमिटीची मीटिंग झाली. दीड तास वादावादी, पण पाहुण्यांच्या भाषणातली दहा मिनिटं आणि मुलांच्या एका भाषणाची वेळ कापून पंचवीस मिनिटं मिळाली. स्टँडवरचा माईक मंजूर. बोलावणं लेखी पाठवलंय, हो-नाही काहीच आलेलं नाही. रिकाम्या खुर्चीवर दोन मतं पडली आहेत, मतदान घ्यावं लागणार बहुतेक.

आणि काकूंकडे जाऊन आलो. गेल्या वर्षीचं चुकलं म्हणालो आणि यंदा पहिला प्रश्न तुम्ही विचाराल का असं विचारलं. त्यांनी आधी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाल्या, एकच विचारायचा का? आता चार झालेत.