फुटबॉलमध्ये पेनल्टीच्या वेळी "आत आला, आत आला!" : रेफरी, कीपर, खेळाडू, सगळ्यांनी आपापले अनुभव लिहा

धागा काढायचं कारण माझीच एक चूक. रेफरीची परीक्षा पास होऊन वर्षही झालं नव्हतं. पेनल्टी दिली, शिटी वाजवली. लाथ बसेपर्यंत किकर आणि कीपर सोडून सगळ्यांनी बॉक्सच्या (गोलसमोरच्या मोठ्या चौकोनाच्या) बाहेर राहायचं असतं. पण किकर चेंडूपर्यंत पोचायच्या आत एक डिफेंडर चांगल्या दोन ढांगा बॉक्समध्ये. गोल झाला. पण माझे डोळे त्या डिफेंडरवरच खिळलेले. हात वर केला आणि पुन्हा मारायला लावली. दुसरी बारवरून गेली.

मारणाऱ्या संघाचा कॅप्टन जवळ आला. ओरडला नाही. "सर, चूक त्यांची आणि शिक्षा आम्हाला?" एवढंच म्हणाला. घरी येऊन पेनल्टीचा नियम, म्हणजे नियम चौदा, उघडला. तेव्हा, 2024-25 च्या बदलाआधी, तो असा होता: बचाव करणारा आत घुसला आणि तरीही गोल झाला, तर गोल तो गोलच. पुन्हा मारायची ती गोल झाला नाही तर. उलट बाजूने, किकरचाच साथीदार घुसला आणि गोल झाला तर पुन्हा मारायची. नाही झाला तर समोरच्यांना इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावर थेट मारलेला गोल धरत नाहीत). हे पाठ होतं हो, पण शिटी तोंडात असताना आठवलं नाही.

तुमचंही सांगा. कोणत्याही बाजूचं चालेल.

एकटा शिटीवाला

मला बहुतेक सामन्यांत कडेला झेंडा घेऊन उभे राहणारे असिस्टंट रेफरी नसतातच. किकर, कीपर आणि डीवर (बॉक्सच्या कडेबाहेरच्या कमानीवर) उभे असलेले सोळा-सतरा जण, सगळं एका जोडी डोळ्यांनी बघायचं. एका जुन्या रेफरीने युक्ती शिकवली: लाथ कानाने ऐक, पाय डोळ्याने बघ. मी किकरकडे बघतच नाही. बॉक्सच्या रेषेवरच्या सगळ्यांत पुढच्या तीन-चार बुटांवर नजर ठेवतो आणि चेंडूला बूट लागल्याचा 'ठप्प' आवाज येईपर्यंत हलवत नाही. त्या क्षणी कोणता बूट रेषेच्या अलीकडे होता, त्याचा फोटो डोक्यात राहतो.

तोटा असा, की कीपर पुढे सरकला तर मला दिसत नाही. तिथे मी सरळ हार मानलेली आहे.

खरं काम शिटीच्या आधीच होतं. "आठ नंबर, मागे. तू पण. रेषेवर पाय नको, रेषा बॉक्समध्येच धरतात." नंबर घेऊन बोललं की माणूस थबकतो. सगळ्यांना मिळून "मागे व्हा" म्हटलं तर कुणीच ऐकत नाही, कारण प्रत्येकाला वाटतं, हे शेजाऱ्याला चाललंय.

धागाकर्ता

अगदी. आणि ती डी कशासाठी असते हे वर्षानुवर्षं खेळलेल्यांनाही माहीत नसतं, हा माझा अनुभव. पेनल्टीचा ठिपका गोलपासून 11 मीटरवर, बॉक्सची कड 16.5 मीटरवर. म्हणजे कडेच्या मध्यावर उभा राहिलेला माणूस चेंडूपासून फक्त साडेपाच मीटरवर आला. चेंडूपासून अंतर तर 9.15 मीटर हवं. म्हणून ती कमान. बाकी खेळात तिला काही अर्थ नाही. तिथे हँडबॉल झाला तरी पेनल्टी मिळत नाही.

झेंडेवाला

असिस्टंटच्या बाजूने लिहितो. पेनल्टीला मी गोललाइन आणि बॉक्सची रेषा जिथे मिळतात तिथे उभा. माझं काम कीपरचे पाय आणि चेंडू रेषेपार गेला की नाही, एवढंच. आत कोण घुसलं हे रेफरीने बघायचं. सामन्याआधी हे बोलून घेतलं नाही तर दोघंही कीपरकडे बघत बसतात (झालंय).

2019 पासून लाथ बसताना कीपरचा एक पाय, निदान थोडासा, रेषेवर असला की पुरे. नंतर रेषेच्या मागचा पायही चालतो असं स्पष्ट केलं. ऐकायला सोपं. पण उडी घेताना टाच वर, चवडा हवेत, आणि तो रेषेच्या बरोब्बर वर आहे की चार बोटं पुढे, हे अठरा-वीस मीटरवरून सांगा बघू!

ग्लोव्हज

चार बोटांवरून आम्हा कीपरांचं काय होतं ते विचारा. 2019 च्या महिला विश्वचषकात नायजेरियाविरुद्ध फ्रान्सच्या वेंडी रेनारची पेनल्टी पोस्टला (गोलच्या खांबाला) लागून बाहेर गेली. कीपर रेषा सोडून पुढे आली होती म्हणून पुन्हा मारायला लावली. दुसरी आत, फ्रान्स 1-0. कीपरने अडवलीसुद्धा नव्हती हो! 2020 मध्ये नियम बदलला: चेंडू बाहेर गेला किंवा कीपरला न लागता पोस्टवरून परतला, तर कीपरच्या पुढे येण्याचा किकरवर उघड परिणाम झाला असेल तरच पुन्हा. अडवली असेल तर मात्र पुन्हाच. कीपरला पहिल्यांदा ताकीद, नंतर यलो कार्ड.

मला ती ताकीद एकदा मिळाली. पुन्हा मारलेल्या पेनल्टीला मी पायाकडेच बघत राहिलो, चेंडू शेजारून गेला.

डावा बॅक

आम्ही डिफेंडर घुसतो त्याला निम्मा किकर जबाबदार. धावता धावता अडखळल्यासारखं करतो, ते नियमात बसतं. धाव पूर्ण करून चेंडूजवळ थांबून हूल दिली तर यलो, पण मधली थबक चालते. त्या थबकेला आपले पाय सुटतात आणि ओळीतले पाच जण एकदम आत! मग रेफरीने कुणाला धरायचं?

2024-25 च्या नियमांनी आमची बरीच सुटका केली. आता नुसतं आत असणं पुरत नाही. मी आत आल्यामुळे किकर उघडपणे विचलित झाला, किंवा मी रिबाउंडवर (परतलेल्या चेंडूवर) जाऊन समोरच्याचा गोल किंवा गोलची संधी अडवली, तरच शिक्षा. मी आपला घुसून नुसता उभा राहिलो तर काही नाही.

एकटा शिटीवाला

@डावा बॅक, तुमची सुटका झाली, माझी नाही. पूर्वी बूट बघितला की निर्णय झाला. आता बूट बघा, मग रिबाउंड कुणाकडे गेला ते बघा, मग तो तोच बूट का ते आठवा.

नऊ नंबर

1982 मध्ये आयॅक्स या डच क्लबकडून योहान क्रायफने पेनल्टी गोलवर न मारता येस्पर ओल्सेनकडे ढकलली, त्याने परत दिली आणि क्रायफने गोल केला. ते बघून आम्हीही ठरवलं. दोन आठवडे सराव. सामन्यात मी चेंडू हळूच पुढे ढकलला (पुढेच जावा लागतो), साथीदार धावत आला, मोकळा गोल, जाळं हललं. आणि रेफरीचा हात वर. माझा पाय चेंडूला लागायच्या आधीच पठ्ठ्या आत होता. गोल थेट माझ्या लाथेवर झाला नव्हता, म्हणून पुन्हा मारायची नाही, इनडायरेक्ट फ्री किक, तीही त्यांना.

रेफरीवर अजिबात राग नाही. साथीदारावर आहे.

नवीन सदस्य

भाबडा प्रश्न: शूटआउटमध्ये (बरोबरी सुटायला पाळीपाळीने मारतात त्या पेनल्टींत) हे आत घुसणं का होत नाही?

झेंडेवाला

बाकीचे सगळे मधल्या वर्तुळात असतात, म्हणून. फक्त मारणाऱ्या संघाचा कीपर गोललाइनवर, बॉक्सच्या कोपऱ्याशी. म्हणजे मला ऐकू येईल इतका जवळ. आणि तो ओरडून सांगत असतो, समोरचा पुढे आलाय, समोरचा पुढे आलाय.