वडिलांच्या रेकॉर्ड्ससाठी पहिला टर्नटेबल कोणता घ्यावा?

सांगलीकर:
नमस्कार मंडळी. वडिलांना जाऊन मार्चमध्ये वर्ष झालं. त्यांचं रेकॉर्डचं कपाट गेल्या महिन्यात उघडलं आणि सगळ्या मोजल्या. १३८ एलपी, ४१ लहान ४५च्या, आणि खालच्या कप्प्यात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या २६ जुन्या लाखेच्या. त्यातल्या ९ बालगंधर्वांच्या. एलपींमध्ये भीमसेनजी, किशोरीताई, कुमारजी. लहानपणी हे सगळं घरच्या फिएस्टा रेकॉर्ड प्लेअरवर ऐकलंय, पण त्याची तबकडी आता फिरत नाही.

हॉलमध्ये चांगला स्टिरिओ अ‍ॅम्प्लिफायर आणि दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत. टर्नटेबलसाठी ५० हजार बाजूला काढलेत. दुकानात गेलो तर त्यांनी सूटकेससारखा, स्पीकर आतच असलेला प्लेअर पुढे केला, "तिन्ही स्पीड वाजतात" म्हणाले. मेहुणे डिसेंबरात न्यू जर्सीहून येताहेत, ते त्यांचा जुना बेल्टवाला टर्नटेबल आणतो म्हणतात. आणि माझ्या मनात नवा रेगा प्लॅनर १ आहे. घर जुनं, वरच्या मजल्याला लाकडी तक्तपोशी. काळजी एकच आहे, या रेकॉर्ड्स पुन्हा मिळायच्या नाहीत. माझ्या हातून एकही खराब होता कामा नये.

खोबण:
सांगलीकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या खालच्या कप्प्यात आहे. नुसत्या एलपी असत्या तर डोळे मिटून रेगा घ्या म्हटलं असतं, पण तो मिनिटाला ३३ आणि ४५ फेऱ्यांवरच फिरतो. बालगंधर्व ७८वर आहेत.

नुसता स्पीड असूनही भागत नाही. लाखेच्या रेकॉर्डची खोबण एलपीपेक्षा कितीतरी रुंद. एलपीच्या सुईच्या टोकाची त्रिज्या १८ मायक्रॉनच्या आसपास असते, लाखेच्या रेकॉर्डला ७५च्या आसपास लागते. एलपीची बारीक सुई त्या रुंद खोबणीत तळाशी जाऊन खडखडते, आणि जाड सुई एलपीवर ठेवलीत तर एलपी गेलीच. चार स्पीडच्या जुन्या प्लेअरना आर्मच्या टोकाशी एक बारीक खिट्टी असायची, ती फिरवली की सुई पालटायची. वडील रेकॉर्ड बदलताना ते करायचे, आठवतंय का बघा. "तिन्ही स्पीड वाजतात" म्हणणाऱ्या सूटकेसमध्ये बहुधा एकच सुई असते. शिवाय त्यात सिरॅमिक कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती डबी), सुईवर पडणारं आर्मचं वजन जास्त आणि ते कमी करायची सोय नाही. किशोरीताईंची एलपी त्याच्याखाली देऊ नका, ही माझी हात जोडून विनंती.

मी ऑडिओ-टेक्निकाचा एलपी१२०एक्स घ्या म्हणेन. ३३, ४५, ७८ तिन्ही स्पीड, डायरेक्ट ड्राइव्ह (बेल्ट नाही, मोटर थेट तबकडी फिरवते), सुईवरचं वजन हाताने लावता येतं. सोबत व्हीएम९५ई कार्ट्रिज येते. तिची सुई बोटांनी ओढून काढता येते आणि त्याच जागी ७८ची व्हीएमएन९५एसपी बसते. या सुईला वजन बरंच जास्त लागतं, तिच्यासोबतच्या कागदावरचा आकडा बघून लावा आणि एलपीकडे परतताना आधी वजन उतरवा. मी स्वतः दुसरी कार्ट्रिज वेगळ्या हेडशेलवर (आर्मच्या टोकाचा निघणारा तुकडा) चढवून ठेवली आहे, म्हणजे सुई काढा-घालायची वेळ येत नाही.

आवाज अगदी बारीक आला तर घाबरू नका. कार्ट्रिजमधून जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट निघतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या मागे 'फोनो' लिहिलेली जोडी आणि शेजारी अर्थिंगचा स्क्रू दिसतो का? नसेल तर टर्नटेबलच्या मागचं बटण 'लाइन'वर ठेवा, हा बारीक सिग्नल वाढवणारा प्रीअ‍ॅम्प त्याच्या पोटातच आहे. आणि लाखेच्या रेकॉर्ड्स ऐकताना अ‍ॅम्प्लिफायरवर मोनो असेल तर दाबाच. सुईच्या वर-खाली हालण्याने होणारी खरखर त्यात बरीच विरते, गाणं पुढे येतं.

पैलतीर:
मेहुण्यांना आत्ताच फोन करा. मी इकडे अमेरिकेतच असतो, माझ्या भावासाठी हाच उद्योग करून बसलोय. जुन्या बेल्टवाल्यांत बहुतेक एसी मोटर असते आणि तिचा वेग विजेच्या फ्रिक्वेन्सीवर ठरतो. इथे ६० हर्ट्झ, भारतात ५०. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रिक्वेन्सी नाही. ३३⅓ची रेकॉर्ड २७.८वर फिरते. काळी एकमध्ये गाणारा गवई खालच्या काळी पाचात जाऊन बसतो. भावाने पहिलीच एलपी लावून मला फोनवर ऐकवली होती. ५० हर्ट्झची पुली मिळेपर्यंत तो टर्नटेबल तसाच पडून होता.

ओसरी:
एक कळकळीचं सांगते. धुण्यासाठी इंटरनेटवर स्पिरिट मिसळायच्या कृती मिळतात. एलपीला थोडं आयसोप्रोपिल आणि बाकी डिस्टिल्ड वॉटर चालतं, लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिटचा थेंबही नको. सुतार लाकडाला पॉलिश करतो ते लाख स्पिरिटात विरघळवूनच. तुमच्या २६ रेकॉर्ड्सना फक्त डिस्टिल्ड वॉटर, एखादा थेंब सौम्य साबण, मऊ कापड, खोबणीच्या दिशेने, आणि लगेच कोरड्या करा. मधला कागद भिजू देऊ नका. वर्तमानपत्र काढून टाका, पावसाळ्यात ते ओल धरतं आणि बुरशी येते. उभ्या ठेवा, आणि उचलताना दोन्ही हात. एक पडली की संपली.

सांगलीकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. मेहुण्यांना आत्ताच नको म्हणून कळवलं. खोबण, ती खिट्टी आठवली! वडील करंगळीने फिरवायचे, आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरला फोनो नाही, मोनोचं बटण मात्र आहे. आता तक्तपोशीचं काय करू? कुणी चाललं की कपाटातल्या कपबशा वाजतात.

खोबण:
मग टर्नटेबल जमिनीवरच्या टेबलावर नकोच, प्रत्येक पावलाला सुई उडी मारेल. जाड भिंत असेलच. गवंड्याकडून त्यात कडप्पा बसवून घ्या, लांबी-रुंदी टर्नटेबलपेक्षा चार-चार इंच जास्त, स्पिरिट लेव्हल लावून. स्पीकर त्या कडप्प्यावर ठेवू नका. एलपीची सुई २ ग्रॅमवर.

सांगलीकर:
गवंडी गुरुवारी येतोय.