रात्रीचा वॉचमन पुन्हा सोडून गेला

मानसी (ए-204): काल रात्री अडीच वाजता गेट मीच उघडलं. कमिटी जागी आहे का?

सावंत, सेक्रेटरी: मानसीताई, रात्रीचा माणूस काम सोडून गेला. एजन्सी दुसरा पाठवतेय. कृपया सहकार्य करावे 🙏

सुनील (बी-101): एजन्सीचं बिल ग्रुपवर टाका.

रोहित: नवीन माणसाला मोडकी खुर्ची तीच द्या, परंपरा आहे 😄

मानसी: विनोद पुरे. का गेला तो?

सावंत, सेक्रेटरी: खोलीचं भाडं वाढलं. परवडेना म्हणाला.

राणे काकू: खोली माझी होती हे सगळ्यांना ठाऊक आहे, आडून बोलू नका. चौघं राहायचे एका खोलीत. दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला आडवा. पाणी किती लागतं त्याला? भाडं वाढवलं तर काय चुकलं?

मानसी: काकू, तुम्हाला कोण बोललंय?

राणे काकू: नाही कसं!

परांजपे सर: जरा हिशोब बघा. काकूंचं भाडं मी त्यालाच विचारलं होतं. त्याचा वाटा आठ तासांच्या पगाराच्या निम्मा. भाडं मिळकतीच्या 30 टक्क्यांत बसवायचं, तर त्याच दराने 13 तासांहून जास्त ड्यूटी लागते. 12 तास गेटवर उभं राहून पहाटे आपल्या गाड्या कशाला पुसत होता तो?

रोहित: 30 टक्के कुणी ठरवले सर? माझा हप्ता ऐकाल तर रडाल.

परांजपे सर: अमेरिकेने. सरकारी घरांचं भाडं 1969 साली उत्पन्नाच्या 25 टक्क्यांपर्यंत बांधलं, 1981 मध्ये ती मर्यादा 30 केली. तिथेही केंद्राचं किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलरच आहे. आठवड्याला 40 तास भरले, तर 30 टक्क्यांनी महिन्याला 377 डॉलर होतात.

विद्याताई: माझी मुलगी तिथे आहे. एवढ्यात कोण घर देणार!

सुनील (बी-101): अमेरिका राहू द्या. बिल टाका.

परांजपे सर: बरं, आपल्याकडचं घ्या. किमान वेतनात घरभाडं धरा, असं 1957 च्या भारतीय श्रम परिषदेने सांगितलं. वेतन संहितेच्या 2020 च्या मसुदा नियमांत ते धरलंय अन्न-कपड्यांच्या खर्चाच्या 10 टक्के. अशा भाड्यात कुठली खोली मिळते, काकूच सांगतील.

राणे काकू: सर, टोमणे कळतात मला.

रोहित: विषय निघालाच आहे तर, बी विंगसमोर पांढरी गाडी कुणाची?

मानसी: रोहित!!

सावंत, सेक्रेटरी: पगार वाढवायचा तर मेंटेनन्स वाढेल. गेल्या मीटिंगमध्ये लिफ्टसाठी वाढवला तेव्हा काय झालं, आठवतंय ना सर्वांना?

मानसी: लिफ्टला भाडं भरावं लागत नाही. माणसाला लागतं.

सुनील (बी-101): तिसऱ्यांदा मागतोय. बिल.

सावंत, सेक्रेटरी: घ्या. आपण 100 देतो त्यातले 64 त्याच्या हातात पडतात.

सुनील (बी-101): 36 कुठे जातात??

परांजपे सर: जीएसटी, पीएफ, विमा. पीएफ त्याच्या खात्यात जमा होतोय का, तेवढं बघा. मग उरलं एजन्सीचं कमिशन, त्यावर घासाघीस करता येईल.

मानसी: कमिशनमधून सुटेल ते थेट त्याच्या पगारात. मेंटेनन्सला हात न लावता. चालेल?

सुनील (बी-101): आधी पूर्ण बिल.

सावंत, सेक्रेटरी: रविवारी 11 वाजता, टेरेसवर. कोरम होऊ द्या ही विनंती.

राणे काकू: मी येणार नाही. आणि खोली रिकामी आहे, कुणी भाडेकरू असेल तर कळवा. भाडं कमी होणार नाही.